यूव्हीचा दिवा पेटतोय, तरी तपासणीची बाटली काळी: विहिरीच्या पाण्यातला दरवर्षीचा दोष कसा शोधावा

मृग सरून आर्द्रा लागल्या की माझा फोन सुरू होतो. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी, कधी खानापूरकडची खेडी, कधी थेट निपाणी. माणसं वेगळी, तक्रार एकच: "यूव्ही मशीन आहे, दिवा पेटतोय, तरी पाणी नापास झालं." यूव्ही म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्यानं पाण्यातले जंतू मारणारं मशीन. चौदा वर्षं मी मोटरपंप आणि पाण्याच्या मशिनांची कामं करतोय. हा एक दोष मी जितक्या घरांत काढलाय, तितका दुसरा कुठलाच नाही. काय बघायचं ते क्रमानं लिहितो. आधी फुकटातलं, मग थोड्या खर्चाचं, शेवटी कष्टाचं. निम्म्या घरांना कुणाला बोलवायची गरज पडणार नाही.

हे विहिरीच्या आणि आडाच्या पाण्यापुरतं आहे.

लक्षणं

तपासणीची छोटी बाटली, जिच्यात पाणी भरून ठेवलं की जंतू असल्यास काळी होते, ती काळी पडते. किंवा लॅबच्या कागदावर कोलिफॉर्म, ई. कोलाय हे घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू आढळल्याचं येतं. घरात एकापाठोपाठ एक पोट बिघडतं, पण दिवसभर बाहेरचं पाणी पिणारा माणूस ठणठणीत असतो. यूव्हीनंतरच्या टाकीला आतून बोट लावलं तर बुळबुळीत लागतं. धार बारीक झालेली असते, नाहीतर कुणीतरी काहीतरी काढल्यामुळे एकदम जोरात येते. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे उन्हाळ्यात काहीच त्रास नसतो, मोठा पाऊस झाला की दोन-चार दिवसांत सुरू होतो.

पाणी खारट लागतं, डाळ शिजत नाही, भांड्यावर पांढरे डाग पडतात, असं असेल तर तो यूव्हीचा दोष नाही. यूव्ही पाण्यातलं काहीच काढत नाही. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, फवारणीचं औषध, सगळं जसंच्या तसं पलीकडे जातं. तो फक्त जंतूला मारतो, तेही किरण त्याच्या अंगावर पडला तर. दिव्यातून निघणारा २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील किरण जंतूच्या डीएनएची मोडतोड करतो, मग तो जंतू वाढू शकत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल इतकी मात्रा सर्वसाधारण मानली जाते. ही मात्रा दोन गोष्टींवर ठरते: किरण किती जोरात पोचला आणि पाणी किती वेळ त्याच्यासमोर होतं. खाली जे जे बघायला सांगतोय ते याच दोहोंपैकी एकाशी जोडलेलं आहे.

दोष सापडेपर्यंत प्यायचं पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. मशीन दुरुस्त झालं असं वाटलं तरी बाटली स्वच्छ येईपर्यंत उकळणं सोडू नका.

बाटल्या आजच लावा

निकालाला दोन दिवस लागतात, म्हणून हे पहिलं काम. तीन बाटल्या आणा. ग्रामपंचायतींना जलजीवन योजनेत तपासणीची किट दिलेली आहेत, तिथं विचारा. नाहीतर आरोग्य केंद्रात, किंवा लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात.

पहिल्या बाटलीत विहिरीचं कच्चं पाणी घ्या. दुसरीत यूव्ही चेंबरमधून, म्हणजे दिवा असलेल्या नळकांड्यातून, बाहेर पडल्याबरोबरचं, टाकीत जायच्या आधीचं. तिसरीत तुम्ही जिथून तांब्या भरता तिथलं, मग तो नळ असो, मशिनची टाकी असो, नाहीतर कळशी. हात साबणानं धुवा, नळाचं तोंड स्पिरिटच्या कापसानं पुसा, दोन मिनिटं पाणी वाहू द्या, मग खुणेपर्यंत भरा. झाकणाच्या आत बोट लागलं तर ती बाटली तुमच्या हाताचीच तपासणी करते. उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा. आपल्याकडे पावसात घरात गारठा असतो आणि थंडीत बाटली उशिरा काळी होते, म्हणून चुलीच्या उबेला, फ्रीजच्या मागच्या अंगाला ठेवा. मुलांच्या हाताला लागू देऊ नका. काम झालं की काळ्या बाटलीत ब्लीचिंगचं पाणी घालून तासभर ठेवा आणि संडासात ओता.

आता वाचायचं कसं? पहिली काळी, दुसरी स्वच्छ, तिसरी काळी आली तर मशीन आपलं काम चोख करतंय आणि घाण त्यानंतर मिसळतेय. पहिली आणि दुसरी दोन्ही काळ्या आल्या तर दोष मशिनात किंवा मशिनच्या आधी आहे. पहिलीच स्वच्छ आणि तिसरी काळी असेल तर विहिरीला बोल लावू नका, टाकी आणि भांडी बघा. एक सावधगिरी: विहिरीच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असेल तर बाटली जंतूंशिवायही काळी होऊ शकते. अशा पाण्याला लॅबचीच तपासणी हवी.

येळ्ळूरच्या एका मावशींकडे दोन पावसाळे दिवा बदलला गेला होता. मी तीन बाटल्या लावल्या. तिसरी तेवढी काळी. यूव्हीचं पाणी पितळेच्या घागरीत भरून ठेवायच्या, वर झाकण नाही, आणि तांब्या हातासकट आत बुडायचा. क्लोरीनचा थोडा अंश पाण्यात मागे राहतो आणि नंतर आलेल्या जंतूंनाही आवरतो. यूव्हीचं तसं नाही. चेंबरच्या बाहेर पाऊल टाकलं की पाण्याला राखणदार नाही. घागर घासून, उन्हात वाळवून, झाकणाचं आणि तोटीचं भांडं घेतलं, पुढची बाटली स्वच्छ आली. दोन दिव्यांचे पैसे मात्र गेले ते गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

करंट

याला पैसा लागत नाही, आणि माझ्या अनुभवात पावसाळ्यातला सगळ्यात मोठा चोर हाच. गच्चीवरच्या टाकीतून पाणी उतारानं खाली येतं. करंट गेला तरी ते थांबत नाही. दिवा विझलेल्या चेंबरमधून कच्चं पाणी सरळ पुढच्या पाइपात आणि टाकीत जातं, तिथं जंतू घर करतात, आणि करंट आल्यावर दिवा कितीही पेटला तरी पुढच्या पाइपाला तो धूत नाही. एका रात्रीच्या अंधारानं महिनाभराचा त्रास होतो.

म्हणून बघा: प्लग काढल्यावर मशीनमधून पाणी येतं का? येत असेल तर करंट नसताना आपोआप बंद होणारा सोलेनॉइड वॉल्व्ह बसवून घ्या. बहुतेक स्वयंपाकघरी मशिनांत तो असतो, पण बिघडल्यावर कुणीतरी काढून पाइप सरळ जोडलेला मी कितीदा पाहिलाय. अख्ख्या घरासाठी बसवलेलं मशीन असेल तर दिवा चोवीस तास चालू ठेवा. वीज वाचवायला रात्री बंद करणारी घरं पुष्कळ आहेत. समजा ११ वॉटचा दिवा आहे, तर महिन्याला जेमतेम ८ युनिट होतात. शिवाय सारखा चालू-बंद केला की दिवा लवकर मरतो, आणि पेटल्यावर पूर्ण जोर धरायला त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. सकाळचा पहिला तांब्या त्याच दोन मिनिटांत भरला जातो.

बादली आणि घड्याळ

मशीनवर ताशी किती लिटर ते लिहिलेलं असतं. ६० लिटर असेल तर १० लिटरची बादली भरायला १० मिनिटं लागली पाहिजेत. चारच मिनिटांत भरली तर पाणी किरणांसमोर निम्म्याहूनही कमी वेळ थांबतंय, म्हणजे मात्राही निम्म्याच्या खाली. धार बारीक येते म्हणून कुणी आतला फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे धार आवरणारा तुकडा, काढला असेल, किंवा टाकी एक मजला वर चढवली असेल. रिस्ट्रिक्टर परत बसवा. धार बारीक असणं हा दोष नाही.

पाण्याचा गढूळपणा आणि स्पन फिल्टर

काचेच्या ग्लासात पाणी घेऊन खिडकीच्या उजेडात धरा. यूव्हीसाठी गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही स्वीकार्य मर्यादा १ च आहे. डोळ्याला गढूळपणा साधारण ४-५ एनटीयूला कळतो. म्हणजे तुम्हाला ग्लासात धूसर दिसलं, तर यूव्हीच्या दृष्टीनं ते पाणी केव्हाच बाद झालंय. मातीचा बारीक कण जंतूवर छत्री धरतो, किरण छत्रीवर पडतो आणि जंतू खाली सुखरूप पलीकडे जातो.

चेंबरच्या आधी ५ मायक्रॉनचा स्पन, म्हणजे धाग्यांचा गाळणीचा फिल्टर, हवाच. घरमालक म्हणतात, "वर्षाला एकदा बदलायचा ना?" उन्हाळ्यात ठीक आहे. जून ते सप्टेंबर दर महिन्याला हाऊसिंग उघडून बघा आणि तांबडा झाला असेल तर बदला. धुऊन परत घालू नका, धुतल्यानं त्याचे धागे सैल पडतात. कार्बनचा फिल्टर असेल तर तोही यूव्हीच्या आधीच असला पाहिजे, कारण कार्बनवर जंतू वाढतात. जोडणी उलटी झालेली घरं मी पाहिली आहेत. पाइप बोटानं चाचपत जा आणि क्रम मोजा: स्पन, कार्बन, मग यूव्ही.

क्वार्ट्झची नळी

इथं मी जास्त वेळ थांबतो, कारण बघायला कुणी उघडतच नाही.

दिवा पाण्यात बुडू नये म्हणून तो क्वार्ट्झच्या नळीत असतो आणि पाणी नळीभोवती फिरतं. नळीवर थर बसला की किरण तिथंच अडतो. बाहेरून निळा उजेड दिसत राहतो, म्हणून माणसं निर्धास्त राहतात. "बाबा, दिवा तर पेटतोय की!" हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकतो. तो निळा उजेड किरणांच्या सोबत येणारा प्रकाश आहे. जंतू मारणारा किरण डोळ्याला दिसत नाही.

थर कुठला बसेल हे तुमच्या जमिनीवर आहे. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर तालुक्यात जांभा आहे. चिऱ्यांच्या विहिरी, पाणी मऊ, पण लोह असलं की नळीवर तांबूस-पिवळा थर येतो. निपाणी, चिकोडी, अथणीकडे काळी जमीन आणि खाली काळा दगड, तिथं पाणी जड आणि थर पांढरा, चुन्यासारखा. काळा थर दिसला तर मँगनीज. लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या आणि जडपणा १२० मिलिग्रॅमच्या वर असेल तर नुसती नळी पुसून भागत नाही, आधी लोह काढायची किंवा पाणी मऊ करायची सोय करावी लागते.

मुंबईत शिकलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी १९९२-९३ च्या बंगालमधल्या कॉलऱ्यानंतर खेड्यांसाठी यूव्हीचं यंत्र तयार केलं. त्यात त्यांनी दिवा पाण्यात न ठेवता पाण्याच्या वर टांगला. दिव्याला पाणी लागतच नाही, म्हणून थर बसायचा प्रश्नच मिटला. आपल्या घरातल्या मशिनांत ती सोय नाही, म्हणून नळी पुसायचं काम आपल्याकडे.

काढायची कशी: प्लग काढा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही. पाण्याचा वॉल्व्ह बंद करा, दहा मिनिटं दिवा गार होऊ द्या. आधी दिवा बाहेर, मग टोकाचं नट सैल करून नळी हळूच सरळ ओढा. वाकडी ओढली की तडकते. सुती हातमोजे घाला, बोटाच्या तेलाचा डागही किरण अडवतो. लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये मऊ फडकं भिजवून पुसा, थर जाड असेल तर अर्धा तास बुडवून ठेवा. तारेची घासणी नको, ओरखडे कायमचे राहतात. संडासाचं अॅसिडही नको. चेंबरच्या आतली भिंतही पुसा. ओ रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला. उघडा दिवा पेटवून "चालतोय का" बघू नका. वेल्डिंगच्या उजेडानं डोळे येतात तसे याने येतात, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो.

एका घरी नळी फुटली होती आणि कुणीतरी त्याच मापाची साधी काचेची नळी बसवून दिली होती. दिसायला तीच. पण साध्या काचेतून २५४ नॅनोमीटरचा किरण पलीकडे जात नाही. सहा महिने ते कुटुंब कच्चं पाणी पीत होतं. बदललेली नळी क्वार्ट्झचीच आहे ना, हे विकणाऱ्याकडून बिलावर लिहून घ्या.

दिवा

एवढं सगळं झाल्यावर दिव्याकडे या. दिव्याचं आयुष्य साधारण ८००० ते ९००० तास, म्हणजे सतत चालू असेल तर एक वर्ष. त्यानंतरही तो पेटतो, पण किरणांचा जोर उतरलेला असतो. बसवल्याची तारीख मार्करनं चेंबरवर लिहा. नवा घेताना वॉट, लांबी आणि पिना जुन्याशी जुळवा. मी रोहिण्यांत, पावसाच्या तोंडावर बदलायला सांगतो, म्हणजे पाणी सगळ्यात घाण असताना दिवा सगळ्यात ताजा असतो. जुन्या दिव्यात पारा असतो. फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू न मारता पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करून बरणीत बंद करा.

दुरुस्तीनंतर पुढची टाकी धुणं

हे राहिलं की सगळं केलेलं वाया जातं. यूव्हीनंतरच्या टाकीत आणि पाइपात आधीचे जंतू बसलेलेच असतात. १० लिटरच्या टाकीला अर्धा चहाचा चमचा, म्हणजे २ ग्रॅमच्या आसपास ताजी ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत घालून टाकी भरा, तोटीतून वास येईपर्यंत थोडं सोडा. रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत धुऊन काढा. आरओचं मेंब्रेन (क्षार गाळणारा पडदा) असेल तर हे पाणी त्याला लागू देऊ नका, ते खराब होतं. आणि ब्लीचिंग आणि लिंबूसत किंवा व्हिनेगर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. नळी पुसायचं काम एका दिवशी, टाकीचं दुसऱ्या दिवशी करा.

विहीर

पहिली बाटली काही तासांतच काळी झाली असेल, तर मशिनवर फार ओझं टाकताय. कठडा आहे का, भोवती उताराचा सिमेंटचा ओटा आहे का, धुण्याभांड्यांचं पाणी विहिरीच्या अंगाला मुरतं का, हे बघा. संडासाचा शोषखड्डा किमान १५ मीटर लांब हवा. जांभ्यात तेवढंही कधी कमी पडतं. जांभा चाळणीसारखा असतो, आणि पावसानं पाणी वर आलं की खड्ड्यातलं पाणी आणि विहिरीचं पाणी एका पातळीला येतं. उन्हाळ्यात त्रास नसण्याचं कारण बहुधा हेच.

ब्लीचिंगचं माप असं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ०.७८५. आले तितके घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. दर हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर. २ मीटर रुंद आणि ४ मीटर पाणी असलेल्या विहिरीत साडेबारा हजार लिटर बसतात, तिला ३१ ग्रॅमच्या आसपास. बादलीत कालवून चुना बसू द्या, निवळ पाणी बादलीसकट खाली सोडून वर-खाली हलवा. किमान एक तास पाणी उपसू नका, मी रात्रभर सांगतो. पावडरीचं पोतं उघडं राहिलं असेल तर तिचा जोर गेलेला असतो, मग हे माप पुरत नाही.

इथं हात थांबवा

चेंबरमधून पाणी ठिबकून चोक (दिव्याला करंट देणारा डबा) किंवा अॅडॅप्टर ओला झाला असेल, मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. नवा दिवा घालूनही पेटत नसेल तर चोक गेलाय किंवा व्होल्टेज कमी आहे. तो चोक घरी उघडू नका.

विहीर उपसायला, गाळ काढायला स्वतः उतरू नका. खाली प्राणवायू कमी असू शकतो आणि वर हाक मारायच्या आधी माणूस कोसळतो. हे काम दोर आणि वर माणसं घेऊन येणाऱ्यांचंच.

घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल आणि विहिरीभोवती उसाची, तंबाखूची खतं घातलेली शेतं असतील, तर नायट्रेट लॅबमध्ये तपासा. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी बाळाला देऊ नका. यूव्हीनं नायट्रेट जात नाही, उकळल्यानं उलट दाट होतं. पाण्याला औषधाचा किंवा डिझेलचा वास आला तरी मशीन सोडा, दुसरं पाणी आणा आणि आरोग्य खात्याला कळवा.

जुलाबात रक्त दिसलं, मूल सुस्त झालं, लघवी होईना, तर पाण्याचं नंतर बघा. मीठ-साखरेचं पाणी पाजत दवाखाना गाठा.

आणि हे सगळं करूनही दुसरी बाटली दोनदा काळी आली, तर दिवे बदलत बसू नका. किरण पाण्यातून किती पार जातो ते मोजून घ्यावं लागेल, ते लॅबचं काम. मला फोन केलात तरी मी आधी चारच गोष्टी विचारतो: तीन बाटल्यांचा निकाल, बादली भरायला लागलेली मिनिटं, दिव्यावरची तारीख, आणि नळीवरच्या थराचा रंग. त्या कागदावर लिहून ठेवा.